सातवी पायरी

इथल्या मराठी मंडळाच्या या अंकात दरवर्षी जे लोक आपल्या कामाबद्दल लिहितात, त्यांचं काम संपलेलं असतं. कोणी रेल्वेतून निवृत्त, कोणी बँकेतून, कोणी शाळेतून. माझं काम संपलेलं नाही. मी सत्तावीस वर्षांची आहे. रस्त्यावरच्या सुरक्षेची पत्रकं लिहिते, छापून आणते आणि रायपूरच्या सिग्नलांवर गाड्यांच्या काचांतून आत सरकवते. संपादक काकूंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "काकू, मले कुठं पेन्शन लागून राहिली?" त्या म्हणाल्या, "मग भ्याली होतीस त्या दिवसाचं लिही. त्याले पेन्शन लागत नाही."

तर तेच लिहिते.

मी रस्त्यानं जाते तेव्हा माणसांचे चेहरे पाहत नाही. गाड्यांची पाठ पाहते. अंधारून आलं, कोणी पुढं ब्रेक मारला, की माझे डोळे आधी लाल दिव्यावर जातात आणि तिथंच अडकतात. दिवा उजळला की ते सुटतात. असं दिवसातून शंभरदा होतं. याला व्यसन म्हणा, आजार म्हणा, मी माझं काम म्हणते.

आमची संस्था म्हणजे बूढापाऱ्यात तलावामागच्या गल्लीतली एक खोली, एक टेबल, पत्रकांचे गठ्ठे, अविनाशदादा आणि मी. दादांनी तीस वर्षं पत्रकं काढली. पाण्याची, रेशनची, मजुरीची. मी कॉलेजातून आले तेव्हा त्यांनी मला जे शिकवलं ते सगळं मला पाठ आहे. पहिला शब्द मोठा असावा. दुसरं वाक्य वाचणाऱ्याला टोचलं पाहिजे. पानठेल्यावरच्या माणसाला अडेल असा एकही शब्द नको. आणि करायच्या गोष्टी सहाच्या वर नाहीत. "सातवी कोणी वाचत नाही शलाका," दादा म्हणायचे. "सिग्नल हिरवा होते." या नियमांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. आजही यातले तीन नियम मला पटतात. चौथ्याबद्दल हा लेख आहे.

मागच्या दिव्यांचा विषय मी उचलला तो रागानं. तेलीबांध्याला तलावाच्या काठी संध्याकाळी नव्या गाड्या उभ्या असतात, त्यांच्या मागच्या लाल दिव्यांवर काळी फिल्म. एका पोराला मी पत्रक दिलं.

"भैया, ये काला क्यों किया?"

"दीदी, लुक आता है."

"और पीछेवाले को नहीं दिखा तो?"

"तो गलती उसकी है ना. ठोकेगा तो वो."

त्याला खरंच असं वाटत होतं. चांगल्या घरचा, चांगला शिकलेला पोट्टा, आणि ज्यानं मागून येऊन मरायचं त्याचीच चूक असणार हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. दुसरे एक आपल्याच समाजातले काका. नाव लिहीत नाही, ते हा अंक घेतात. त्यांना ब्रेक मारला की मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'धन्यवाद' उमटलेलं हवं होतं. मी म्हटलं, "काका, कशाबद्दल धन्यवाद?" म्हणाले, "मागच्याने धडक दिली नाही, त्याबद्दल." मी म्हटलं, धडक बसायच्या आधी त्याचं वाचून संपायला पाहिजे ना! काका अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आणि मग मंदाताई.

मंदाताई शहराच्या टोकाला, भनपुरीला राहते आणि शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. आधी तिचा घरवाला चालवायचा, त्याची कंबर गेली, तेव्हा हिनं अडतिसाव्या वर्षी गाडी शिकून घेतली. ट्रकवाल्यांची, गोदामातल्या हमालांची मुलं ती सकाळी साडेसहाला गोळा करते आणि शहरातल्या शाळेत सोडते. गाडी जुनी. नव्या गाड्यांच्या मागच्या काचेत वर एक जास्तीचा ब्रेकलाइट असतो, तो हिच्या गाडीत नव्हताच. जे दोन होते त्यातल्या एकाची लाल काच फुटलेली, आणि आत उघडा बल्ब, विचित्र गुलाबी रंगाचा.

"ताई, हा बल्ब गुलाबी कसा?"

"नेलपॉलिश आहे. दोन हात मारले."

"आणि काच?"

"हातठेल्यावाल्यानं फोडली. एकटी काच भेटत नाही म्हणते. दुकानवाला म्हणते पूरा सेट घ्या. आता माझ्या गाडीले तो सेट लावला, तर लोक म्हणतीन सेटच्या पुढं गाडी काहून जोडली."

ती हसली. मी हसले नाही. मला संताप आला. ज्याच्याकडे पैसा आहे तो चांगला दिवा काळा करतो, आणि जिच्या गाडीत चौदा मुलं बसतात ती नेलपॉलिश लावते! (चौदा हा आकडा लिहिल्याबद्दल ती मला बोलणार आहे. बोलू दे.) त्याच दिवशी मी दादांना म्हटलं, पुढचं पत्रक उपदेशाचं नको. करून दाखवायचं. फुटका ब्रेकलाइट घरच्या घरी, कमी खर्चात.

"नियमात बसते का ते?" दादांनी विचारलं.

"फुटका दिवा बसतो का नियमात?" मी म्हटलं. दादा गप्प बसले. तेव्हा मला ते गप्प बसणं म्हणजे माझा विजय वाटला.

शिकले मी साहूभैयांकडून. बूढापाऱ्यातच त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, दुकान म्हणजे शटरभर जागा. त्यांनी मला जे समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण यावरच सगळं आहे. जुन्या गाडीच्या मागच्या लाल दिव्यात बल्ब एक असतो, पण त्याच्या आत पेटणाऱ्या तारा दोन. एक मंद, एक तेज. गाडीचे दिवे लावले की मंद तार पेटते. मागच्याला कळतं, पुढं गाडी आहे. ब्रेक दाबला की तेज तार पेटते. मागच्याला कळतं, ती थांबते आहे. लाल दोन्ही वेळा असतं. मागचा माणूस जगतो तो मंद आणि तेज यांतल्या फरकावर.

आता फुटक्या दिव्याच्या जागी लाल एलईडीची पट्टी लावायची. पट्टी बाजारात हातभर मिळते, स्वस्त मिळते. जुन्या डब्याचं पारदर्शक झाकण कापून काच करायची, पट्टी आतून चिकटवायची, कडा पाणी जाऊ नये म्हणून सिलिकॉननं बंद करायच्या. इथपर्यंत घरातलं कोणीही करेल. अडचण शेवटी येते. गाडीकडून दोन तारा येतात, मंदची एक आणि तेजची एक. पट्टीला मात्र करंट घेणारी तार एकच.

"इसीलिए सातवाँ काम," साहूभैया म्हणाले होते. "दोनों तार में एक-एक डायोड, कि करंट उलटा न जाए. और मंदवाले में एक रेजिस्टेंस, कि पट्टी धीमी जले. सातवाँ मत भूलना दीदी."

डायोड म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा काळा तुकडा, एका टोकाला पांढरी रेघ. करंटला एकाच बाजूनं जाऊ देतो. दोन रुपयांची वस्तू.

मी विसरले नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण विसरणं फार सोपी सबब आहे. मी ती सातवी पायरी लिहिली, आणि मग पत्रक छापायला देण्याच्या आधी स्वतःच्या हातानं खोडली. डायोड म्हणजे काय हे सांगायला चार ओळी लागत होत्या, आणि सहाच्या वर पायऱ्या नकोत. माझ्या मनात आलं, कारागीर माणसं अशीच. सोप्या कामात एक अवघड गोष्ट घुसवल्याशिवाय त्यांना आपण कारागीर आहोत असं वाटत नाही. सहाव्या पायरीत मी लिहिलं: 'गाडीच्या दोन्ही तारा पट्टीच्या तारेला जोडा. ब्रेक दाबून पाहा. दिवा लागला? झालं.'

'झालं' हा शब्द मी जाड छापला.

मंदाताईची गाडी आम्ही नमुना म्हणून घेतली. दुपारी बाराला, गल्लीच्या तोंडाशी, चांगल्या उन्हात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मीच लावल्या. ती आत बसली, मी मागं उभी राहिले. "दाब ताई!" तिनं दाबला आणि दोन लाल रेघा अशा लखलखल्या, की रिक्षावाला थांबून पाहायला लागला. दादांनी टाळी वाजवली. मंदाताईनं काचेतून मुंडकं बाहेर काढलं. "दिसून राहिलं का?"

"रायपूरभर दिसून राहिलं!" मी ओरडले.

पत्रकं छापली, पाचशे. आठवड्याभरात वाटली. खाली अभिमानानं लिहिलं होतं, 'सल्ला: एक अनुभवी मिस्त्री'. साहूभैया तेव्हा धानकापणीला गावी गेलेले होते, त्यांना विचारायचं राहिलं.

थोड्या दिवसांनी मंदाताईचा फोन. "शलू, एक मजा सांगू? दिवसा ब्रेक दाबला का गाडीतलं मीटरबी उजळते. पुढचे लहान दिवेबी लागते."

"बोनस समज ताई," मी म्हटलं.

हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. गाडी स्वतः सांगत होती की कुठंतरी करंट उलटा जातो आहे. ज्या बाईला वायरिंगमधलं ओ की ठो कळत नाही तिला ते दिसलं, आणि जिनं त्यावर पत्रक काढलं तिनं विनोद केला.

डिसेंबरात साहूभैया परतले. मी संध्याकाळी त्यांच्या दुकानात पत्रक घेऊन गेले, शाबासकी घ्यायला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. पान उलटलं. पुन्हा उलटलं.

"सातवाँ कहाँ है?"

"भैया, छोटा करना पड़ा. पर लाइट जलती है, हमने गाड़ी पर देखा."

त्यांनी टेबलावर एक बॅटरी ओढली, लाल पट्टीचा तुकडा घेतला, दोन तारा एकत्र पिळून जोडल्या, जसं माझ्या पत्रकात होतं. एका तारेचं टोक बॅटरीला लावलं. पट्टी पेटली, पूर्ण तेज.

"ये पार्किंग. गाड़ी की लाइट चालू है." मग दुसऱ्या तारेचं टोक लावलं. "और ये ब्रेक."

काही बदललं नाही. त्यांनी टोक काढलं, लावलं, काढलं, लावलं. पट्टी तशीच, स्थिर, सुंदर लाल.

"बताइए दीदी, ब्रेक कब मारा?"

मला गल्लीतलं ते ऊन आठवत होतं. गाडीचे दिवे बंद होते, म्हणून ब्रेक दिसला. दिवे लावून आम्ही पाहिलंच नव्हतं. दुपारी बाराला कोण दिवे लावतं? आणि मंदाताई हिवाळ्यात साडेसहाला निघते. अर्ध्या अंधारात. दिवे लावून.

साहूभैयांनी पत्रकाच्या तळाशी बोट ठेवलं. "ये अनुभवी मिस्त्री मैं हूँ क्या?"

"हो."

"मिटा दीजिए," ते म्हणाले.

दुकानाबाहेर येऊन मी मंदाताईला फोन लावला. तिच्या घरवाल्यानं उचलला. ती लवकर झोपते, चारला उठावं लागतं. आता पाहा, मी कोण? ज्या पोरीला सगळे तोंडाळ म्हणतात, जी काळ्या फिल्मवाल्याला चारचौघांत सुनावते, ती मी. मी एवढंच बोलायला हवं होतं, उद्या गाडी काढू नका, दिवा खोटा आहे, चूक माझी. मी म्हटलं, "भाऊजी, ताईच्या गाडीच्या दिव्याचं थोडं काम बाकी राहिलं. उद्या आमच्याकडे आणायला सांगाल?"

"हव, हव. सांगतो."

"नक्की सांगा."

"हव ना. पण दिवा तर चालून राहिला?"

आणि मी म्हटलं, "हो, तसा चालून राहिला. थोडंसंच आहे."

दुसऱ्याची चूक असती तर मी मोठ्या अक्षरांत बोलले असते. माझी होती, म्हणून 'थोडंसं'. फोन ठेवल्यावर मी स्वतःला समजावलं की उद्या ती गाडी आणेल. सकाळी सव्वासहाला खिडकी उघडली तर समोरचा विजेचा खांब दिसत नव्हता.

रायपूरला धुकं फार पडत नाही. पडतं तेव्हा भनपुरीत ते कारखान्यांच्या धुरात मिसळतं आणि त्याला पिवळट, जाड रंग येतो. मी मंदाताईला फोन लावला. बंद. गाडी चालवताना फोन बंद ठेवा, असं आमचं पहिलंच पत्रक होतं. पाच वर्षांत ते तंतोतंत पाळणारं एकच माणूस मला भेटलं, आणि ते ही.

स्कूटी काढली. पहिल्या थांब्यावर पोचले तर गाडी पाच मिनिटांपूर्वी गेलेली. मोठ्या रस्त्याला लागले. दोन्हीकडून ट्रक. धुक्यात ट्रक आधी ऐकू येतो, मग त्याची ऊब लागते, मग दिसतो. मी डावी कड धरून चालले होते आणि पुढं दोन लाल रेघा दिसल्या.

ओळखीच्या. माझ्याच हातच्या. सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मनात हेच आलं, की किती छान दिसतात. धुक्यातसुद्धा कशा ठसठशीत. मी जवळ गेले. रेघा तशाच होत्या, तेवढ्याच तेज, तेवढ्याच शांत. आणि अचानक गाडी मोठी व्हायला लागली. मागची काच, नंबरप्लेट, बंपर, सगळं माझ्या अंगावर येत होतं आणि दिव्यांनी मला काहीही सांगितलेलं नव्हतं. मी दोन्ही ब्रेक आवळले. स्कूटीचं मागचं चाक सरकलं, पाय रस्त्यावर घासला, आणि बंपरपासून हातभरावर मी थांबले. पुढं गतिरोधक होता. मंदाताई त्यावरून हळूच, मुलांना धक्का बसू नये अशी, गाडी नेत होती.

मला माहीत होतं की तो दिवा खोटा आहे. माहीत असूनही मी फसले. मग माझ्या मागं जो येत होता त्याचं काय?

मागं ट्रक होता. त्याचं हॉर्न माझ्या पाठीत घुसलं.

मी ओव्हरटेक करून ताईला थांबवू शकले असते, असं तुम्ही म्हणाल. मीही नंतर कित्येकदा म्हटलं आहे. पण पुढं जायला बाजूला निघाले की व्हॅन आणि ट्रक यांच्या मध्ये कोणी उरत नव्हतं. माझ्या स्कूटीचा ब्रेकलाइट चालत होता. त्या रस्त्यावर, त्या गाडीच्या मागं, तो एकच खरं बोलणारा दिवा होता. मी मधून हलले नाही.

पण व्हॅन कधी थांबते आहे हे मला तरी कसं कळणार? ते मुलांनी सांगितलं. मागच्या काचेतून मुंडक्यांची एक रांग दिसत होती, टोपरी, मफलर, दोन वेण्या. मंदाताई ब्रेक मारायची तेव्हा सगळी मुंडकी एकदम पुढं झुकायची. ती झुकली की मी माझा ब्रेक दाबायचे आणि डावा हात मागं वर-खाली करायचे. मुंडकी सरळ झाली की पुन्हा चालायचं. झुकली, दाबला. सरळ झाली, सोडला. वेण्यांवाली मुलगी मागं वळली, तिनं मला ओळखलं, आणि टाटा करायला लागली. तिला पाहून बाकीचीही वळली. आता त्यांची मुंडकी झुकताहेत की टाटा करताहेत हे मला समजेना. मी ओरडत होते, "पुढं पाहा! पुढं पाहा रे!" हेल्मेटमधून कोणाला ऐकू जाणार? ती हसत होती, काचेवर हात आपटत होती. मागून ट्रकवाला आयमाय काढत होता. त्या शिव्यांचा आधार वाटत होता मला. शिव्या येताहेत म्हणजे मी दिसते आहे.

किती वेळ? मला विचारू नका. रस्ता दोन किलोमीटरचा असेल.

धरमकाट्याशी, म्हणजे जिथं ट्रकांचं वजन करतात तिथं, मंदाताई एका मुलीला घ्यायला आतल्या मोकळ्या जागेत वळली. मी तिच्या मागं आत शिरले. ट्रक सरळ निघून गेला. मी स्कूटी उभी केली, म्हणजे स्टँड लावायला गेले आणि ती पडली, तशीच टाकून मी तिच्या खिडकीशी धावले.

"अगं माय, शलू! तू इतक्या सकाळी?"

"ताई, गाडी बंद कर. तुझा ब्रेकलाइट लागत नाही."

"काय बोलून राहिली? घरवाला म्हणे थोडं काम बाकी आहे. आत्ता तर मीटरमध्ये पाहिलं मी, लाइट येते."

"ताई, दिवे चालू असले की ब्रेकचा फरक दिसत नाही."

ती खाली उतरली. "तू बस," म्हणाली. मी तिच्या जागेवर बसले. मागच्या मुलांनी काचेवरचे हात काढून घेतले. वेण्यांवालीनं माझ्या कानाशी विचारलं, "दीदी, क्या हुआ?" आरशात मंदाताई दिसत होती, धुक्यात, शाल घट्ट धरलेली, डोळे बारीक करून पट्ट्यांकडे पाहणारी.

"दाब," ती ओरडली.

"दाबला."

"दाब ना, पोट्टी!"

"दाबलाच आहे, ताई."

मी ब्रेक पायाची सगळी ताकद लावून दाबून धरला होता. ती वाकली. जवळ आली. पट्टीवर हात ठेवला, जणू हातानं काही कळणार होतं. मग ती सरळ झाली आणि दुसऱ्या पट्टीकडे गेली. मी पाय काढला नाही. तिनं पुन्हा विचारलं असतं तर मला 'दाबला' म्हणता यावं म्हणून.

ती खिडकीशी आली तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता.

"किती दिवस झाले लावून?"

"सव्वा महिना."

"सव्वा महिना मी अशी चालून राहिली." तिनं मागं मुलांकडे पाहिलं, एकेकाकडे, मोजल्यासारखं. "तुले कधी समजलं?"

"काल संध्याकाळी."

"मग काल काहून नाही बोलली? थोडं काम म्हणे. थोडं?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं गाडीची किल्ली काढून माझ्यासमोर पदरात बांधली आणि बंद ठेवलेला फोन चालू करून एकेका मुलाच्या घरी लावायला बसली. ऊन निघेपर्यंत गाडी हलणार नाही, शाळेले उशीर होईन, माझ्या जबाबदारीवर. माझं नाव तिनं एकाही फोनवर घेतलं नाही. ते मला आजही सगळ्यात जड वाटतं.

दुसरं पत्रक मी त्याच दिवशी लिहिलं. पहिला शब्द 'चूक'. दुसरं वाक्य, 'ती आमची आहे.' पायऱ्या सात, आणि सातवीला चार ओळी. दादा म्हणाले, "शलाका, एवढं कोण वाचन?" मी म्हटलं, "दादा, ज्यानं सहा वाचून पट्टी लावली त्याला शोधून मी वाचून दाखवीन." त्यांनी प्रेसला फोन लावला.

त्याच चौकांत, त्याच वेळांना मी महिनाभर उभी राहिले. लोक चांगले असतात आणि कठीण असतात. एक जण म्हणाला, "पहले बोले लगाओ, अब बोल रहे निकालो, आप लोग तय कर लो." बरोबर बोलला. बहुतेकांनी पत्रक वाचलंच नव्हतं, ते ऐकून आयुष्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं. पट्टी लावलेल्या अकरा गाड्या सापडल्या. साहूभैयांनी त्या अकराही दुरुस्त केल्या, माझ्याशी कामापुरतं बोलत. बारावी आहे की नाही, मला माहीत नाही. शहराबाहेर गेलेली असेल, विकली असेल, कोणी पत्रकाचा फोटो काढून भावाला पाठवला असेल. संध्याकाळी पुढं एखादी जुनी गाडी दिसते, मागं दोन छान लाल रेघा, आणि मी सिग्नल सुटला तरी तिच्या मागं मागं जाते, ती ब्रेक मारेपर्यंत. चुकीच्या गल्ल्यांत गेले आहे मी अशी.

मंदाताईची गाडीही साहूभैयांनीच केली. मला तिनं हात लावू दिला नाही. पण काम झाल्यावर म्हणाली, "थंडी पडली का सकाळी येत जा. मी ब्रेकवर बसीन, तू मागं उभी राहा."

"मीच काहून? साहूभैया आहेत ना."

"त्याइले भरोसा आहे आपल्या कामावर," ती म्हणाली. "मले भरोशाचं माणूस नको. भ्यालेलं पाहिजे."

यंदाची पहिली थंडी परवा पडली. मी सहाला तिच्या दारात होते. मुलं अजून चढायची होती, शेजारची दोन ओट्यावर दप्तरं घेऊन बसलेली. तिनं दिवे लावले. मागं दोन मंद लाल रेघा, जशा असायला पाहिजेत तशा.

"दाबून राहिली!" आतून आवाज आला.

रेघा उजळल्या. माझ्या चपलांवर, ओट्यावर, पोरांच्या बुटांवर लाल उजेड पडला. स्पष्ट होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"दिसून राहिलं का?"

मी दोन पावलं मागं गेले, मग अजून दोन, रस्त्याच्या कडेपर्यंत, जिथून ट्रकवाला पाहील तिथून.

"बोल ना लवकर! पोट्टे वाट पाहून राहिले!"

"सोड," मी म्हटलं. रेघा मंद झाल्या.

"आता पुन्हा दाब, ताई."